आईचा अंदाज मोजताना

कानात हेडफोन घालून कुकर लावत असाल, तर आधी गॅसकडे बघा, मग माझ्याकडे लक्ष द्या. कारण आजचा विषय स्वयंपाक आहे. आणि बोलणार कोण, तर मी. वयाच्या २८व्या वर्षापर्यंत चहा, मॅगी आणि ऑम्लेट यांच्यापुढे न गेलेला माणूस.

इंजिनिअरिंगची चार वर्षं मेसमध्ये गेली. नंतर पुण्यात फ्लॅटवर डबा, नाहीतर ऑर्डर. स्वयंपाक शिकायची इच्छा नव्हती, आणि मी ते लपवतही नव्हतो. मग गेल्या पावसाळ्यात साताऱ्याला आई अंगणात घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. बाबांना चहाशिवाय काही येत नाही, त्यात त्यांना बीपी. म्हणजे रोज बाहेरचंही नको. मी वर्क फ्रॉम होम घेतलं आणि लॅपटॉप उचलून घरी गेलो. नाइलाजाने, खरं सांगतो.

पहिल्या दिवशी आमटी. आपण हुशार ना! म्हटलं, सगळं एकदम कुकरमध्ये टाकू, एक स्टेप वाचेल. तूरडाळ, पाणी, हळद, हिंग आणि चिंचेचा कोळसुद्धा. चार शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं, तर डाळ दाताखाली कचकच. आईने नुसतं वाकून बघितलं. ‘चिंच आधी घातलीस ना?’

नंतर मी वाचलं. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं, ते आंबटात लवकर सुटत नाही. म्हणून डाळ आधी शिजवायची, घोटायची, मग चिंच-गूळ. आईला पेक्टिन हा शब्द माहीत नाही, पण बग तिने दोन सेकंदांत पकडला.

दुसरी गोष्ट शिट्टीची. मला वाटायचं शिट्टी म्हणजे टायमर. तसं नाही. आतला दाब जास्त झाला की वाफ बाहेर पडते, तीच शिट्टी. दाबामुळे आतलं पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते. गॅस मोठा असेल तर शिट्ट्या भराभर होतात, पण डाळ काही तेवढ्याने भराभर शिजत नाही. म्हणून मी आता डाळ अर्धा तास भिजवतो, वाटीला तीन वाट्या पाणी घालतो, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करतो आणि घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवतो. आणि वाफ जिरल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही.

फोडणीचंही असंच. तेल नीट तापू द्या. मोहरी तडतडली की जिरं, मग हिंग, कढीपत्ता. हळद शेवटी, आच कमी करून, नाहीतर ती करपून कडू होते.

इथपर्यंत सोपं होतं. अडलं मिठापाशी. ‘किती घालू?’ ‘अंदाजाने.’ अंदाज म्हणजे किती? घरात ‘रुचिरा’ आहे, कमलाबाई ओगल्यांचं, १९७० साली पहिल्यांदा आलेलं. त्यात सगळं वाटी-चमच्याच्या मापात. पण त्यात आमटी होती, आमच्या आईची आमटी नव्हती.

चौथ्या दिवशी आई वैतागून उठली. ‘सर, मी घालते.’ डाव्या हाताने डब्यातलं मीठ घेतलं, आमटीत टाकलं. जेवायला बसलो. बाबा म्हणाले, ‘छान झालीय.’ आईने एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. आमटी खारट झाली होती.

संध्याकाळी ती ओट्याशी एकटीच उभी होती. म्हणाली, ‘माझ्या हातालाच माहीत होतं रे. मला नाही.’

मला काय बोलावं कळेना. तीस वर्षांचं काम, आणि त्याचा बॅकअप कुठेच नाही. हात गेला की सगळं गेलं, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझा तळहात तिच्यापुढे धरला. ‘मी मीठ घालत जातो, तू बस म्हण.’ ती नीट बघायची, ‘अजून थोडं’, ‘अजून’, ‘बस.’ मग ते मीठ चमच्यात ओतायचं आणि वहीत लिहायचं. तळहातावर बघितलं की तिचा अंदाज अचूक यायचा. एक वाटी डाळीला सपाट चहाचा चमचा. बाबांसाठी त्याहून थोडं कमी, हे ती आधीपासून करत होती, आम्हाला कुणालाच न सांगता. गूळ सुपारीएवढा. गोडा मसाला दीड चमचा. सहा आठवड्यांत २३ पानं भरली.

प्लास्टर निघालं. मनगट आखडलेलं, बोटं नीट मिटत नव्हती. पहिल्या दिवशी आई ओट्याशी उभी राहिली, मिठाचा डबा उघडला, थांबली. मग म्हणाली, ‘ती वही दे जरा.’

मी अजून चांगला स्वयंपाकी नाही. पोळी माझी अजून नकाशाच असते. पण आता पुण्यात आठवड्यातून चार दिवस घरी जेवतो.

तुम्हाला एकच काम सांगतो. या रविवारी घरी जो कुणी स्वयंपाक करतो, त्याच्यापुढे तळहात धरा आणि विचारा, किती? उत्तर लिहून ठेवा. हात चालतोय तोवरच.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि कुकर बघा, शिट्टी झाली असेल.