उद्यानातील नऊ टोपल्या

(शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या एका शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उद्यानात काय करू नये हे सांगण्यातच माझे आयुष्य गेले. एका नगरपालिकेच्या उद्यान विभागात मी एकतीस वर्षे सेवा केली. ‘हिरवळीवर चालू नये’, ‘फुले तोडू नयेत’, ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशा किती पाट्या या काळात रंगवून घेतल्या, त्याची मोजदाद नाही. मुलांकडून जप्त केलेले चेंडू कार्यालयातील एका लोखंडी कपाटात टाकले जात. निवृत्तीच्या आठवड्यात ते कपाट रिकामे करावयास घेतले, तेव्हा कित्येक चेंडूंचे रबर विरघळून एकमेकांस चिकटलेले आढळले. परत द्यावेत म्हटले, तर त्यांचे मालक तोवर मुलांचे बाप झाले होते.

अशा माणसास आपण खेळाविषयी बोलावयास पाचारण केले, याबद्दल आभार मानतो आणि विषयाकडे वळतो.

सन २०२३ मध्ये मी कॅलिफोर्नियात मुलीकडे काही महिने राहिलो. तिच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर त्या गावाचे सार्वजनिक उद्यान आहे. एका संध्याकाळी अकरा वर्षांची नात म्हणाली, “आजोबा, चला, तुम्हांला डिस्क गोल्फ शिकवते.” गोल्फ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर शंभर-सव्वाशे एकरांचे कुंपण घातलेले हिरवे रान आणि सभासदत्वाची जबर फी आली. उद्यानास मात्र फाटक नव्हते, तिकीट नव्हते, रखवालदारही नव्हता. झाडांमधून येथे एक, तेथे एक अशा लोखंडी खांबांवर टांगलेल्या टोपल्या तेवढ्या दिसल्या.

खेळाचे स्वरूप पाच मिनिटांत समजते. गोल्फमध्ये चेंडू आणि काठी असते, येथे हाताने फेकावयाची प्लॅस्टिकची चकती असते. जमिनीतील खळग्याऐवजी साधारण कमरेच्या उंचीवर टोपली असते. टोपलीच्या वर एक कडे असते आणि त्यातून साखळ्या खाली लोंबत असतात. चकती साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मारला जातो आणि ती टोपलीत पडते. त्या वेळी होणारा खळखळाट कानास फार गोड लागतो. ठरावीक चौथऱ्यावरून पहिली फेक करावयाची, चकती जेथे पडेल तेथून दुसरी, आणि याप्रमाणे ती टोपलीत पडेपर्यंत. कमीत कमी फेकींत नऊ टोपल्या पूर्ण करील तो जिंकला. प्रत्येक टप्प्यास गोल्फप्रमाणेच ‘होल’ म्हणतात, भोक कोठेही नसले तरी.

पहिल्या होलची लांबी पाटीवर १६५ फूट, म्हणजे सुमारे पन्नास मीटर, लिहिली होती. पन्नास मीटर म्हणजे काय, असे मनात म्हणून मी सारी ताकद लावली. चकती उभी होऊन वर गेली आणि दहा पावलांवर आपटली. नात हसली नाही, हा तिचा मोठेपणा. ती एवढेच म्हणाली, “आजोबा, जोराने नाही, सपाट.” पंगतीत पत्रावळ भिरकावून मांडावी, तसा हात छातीवरून आडवा नेऊन मनगटाने चकतीस फिरकी द्यावयाची असते. फिरकीमुळे चकती भोवऱ्याप्रमाणे स्थिर राहते. उजव्या हाताने अशी फेकलेली चकती शेवटी वेग मंदावल्यावर डावीकडे वळते. प्रत्येक नवख्यास हा आपला दोष वाटतो, वस्तुतः तो चकतीचा स्वभाव आहे. तो ओळखून थोडे उजवीकडे फेकावे लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याशीच माझी गाठ पडली.

दुकानात चकत्यांचे अनेक प्रकार मिळतात. लांब पल्ल्याच्या चकत्यांची कड धारदार असते आणि त्यांना वेग फार लागतो. नवखा मनुष्य हौसेने तीच घेतो आणि ती लगेच डावीकडे कोसळते. जाड कडेची, दीडशे ते एकशेसत्तर ग्रॅम वजनाची एकच चकती आरंभीचे कित्येक महिने पुरते. पहिल्या होलला मला सहा फेकी लागल्या. प्रत्येक होलला तीन फेकी अपेक्षित, म्हणजे नऊ होलना सत्तावीस. नातीने छत्तीस केल्या, मी अठ्ठेचाळीस. तरीही घरी परतताना गुडघा दुखत असल्याचे मला आठवले नाही.

या खेळाचा जन्म कोणत्याही क्लबात झालेला नाही, हे शिक्षकबंधूंना आवर्जून सांगावेसे वाटते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातल्या ब्लॅडवर्थ या खेड्यातील शाळकरी मुले १९२६ च्या सुमारास डब्यांची पत्र्याची झाकणे फेकून असाच खेळ खेळत. पुढे अमेरिकेत प्लॅस्टिकची फ्रिस्बी आली. ती बनविणाऱ्या कंपनीत एड हेड्रिक नावाचे गृहस्थ होते. चकतीच्या पाठीवर वर्तुळाकार रेघा काढून तिचे उड्डाण त्यांनी स्थिर केले आणि १९६७ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ साली त्यांनी या खेळाचा पहिला कायमस्वरूपी मार्ग आखला. आज ते उद्यान हहामोंग्ना या नावाने ओळखले जाते. अंतराळयाने तयार करणारी जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी त्याला अगदी लागून आहे. मला तो शेजार मोठा गमतीचा वाटला. आरंभी तेथे नुसते खांब होते आणि चकती खांबास लागली की नाही यावरून तंटे होत, असे सांगतात. साखळ्यांच्या टोपलीने तो प्रश्न मिटविला. तिचे पेटंट १९७७ चे. व्यावसायिक खेळाडूंची संघटनाही हेड्रिक यांनीच १९७६ मध्ये स्थापन केली. २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. आपल्या मनास हे कसेसेच वाटेल. मलाही वाटले.

आता, आपल्यापैकी ज्यांच्या अखत्यारीत एखादे मैदान किंवा उद्यान आहे, त्यांच्या उपयोगाचा भाग सांगतो. नऊ होलचा लहान मार्ग पाच एकरांतही बसू शकतो. स्पर्धेच्या दर्जाच्या अठरा होलना तीस-चाळीस एकर लागतात. गोल्फपेक्षा हे कितीतरी कमी असले, तरी सार्वजनिक उद्यानात ते फार आहे. परंतु लहान मार्गाचे महत्त्व केवळ जागेच्या बचतीत आहे, असे मी मानीत नाही. लांब मार्गावर ताकदवान तरुणच अधिक दिसतात. ओक ग्रोव्ह पाहावयास गेलो त्या दिवशीही मला बहुतेक तरुण पुरुषच आढळले. मुलीच्या गावातील चाळीस-साठ मीटरांच्या होलवर मात्र आजी, नातू, ऑफिसातून परस्पर आलेल्या स्त्रिया, कडेवर मूल घेतलेला बाप असे सर्व प्रकारचे लोक मी पाहिले. तीन फेकींत टोपलीजवळ पोहोचता येते, म्हणून लोक उद्या पुन्हा येतात. पहिल्याच दिवशी दहा-दहा फेकी लागल्या, तर चकती घरातील माळ्यावर जाते.

दुसरी गोष्ट अशी की, ही जागा खेळासाठी राखून ठेवलेली नसते. त्याच हिरवळीवर कोणी डबा खात असतो, कोणी फिरावयास आलेला असतो. मार्गावर गवत लावणे, पाणी देणे, माती भरणे असे विशेष काही करावे लागत नाही. खांब, पाट्या आणि फेकण्याचे चौथरे झाले की काम संपले. झाडांना मात्र सोसावे लागते. चकतीच्या आघाताने सालीस जखमा होतात आणि एकाच जागी पावले पडून मुळांवरची माती घट्ट होते. म्हणून मुळांभोवती लाकडाचा भुसा पसरतात, चौथऱ्याजवळच्या झाडांपुढे आड म्हणून खांब पुरतात. उद्यान विभागातील मनुष्य या नात्याने मी हे प्रथम पाहिले आणि मला ते पुरेसे वाटले नाही. दोन जुन्या ओकच्या खोडांवर उंचीच्या एकाच रेषेत ओरखडे होते.

आता माझ्या हातून जे घडले ते सांगतो. तिसऱ्या आठवड्यात हात बसला होता. सहाव्या होलवर मी चकती सपाट, वेगाने आणि मनासारखी फेकली. त्या क्षणी मी केवळ चकतीकडे पाहत होतो. शेवटी ती डावीकडे वळली. डाव्या बाजूस पायवाट आहे, हे मला ठाऊक होते. त्या पायवाटेने चार पायांच्या चौकटीचा आधार घेत एक वृद्ध बाई हळूहळू चालल्या होत्या. चकती त्यांच्यापुढे दोन हातांवर पडली आणि घरंगळत गवतात गेली. या चकत्या समुद्रकिनाऱ्यावर खेळावयाच्या फ्रिस्बीसारख्या मऊ नसतात. कानशिलावर बसली असती तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

मी धावत जाऊन क्षमा मागितली. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मी येथून रोज जाते. चालताना मला वर पाहावे लागू नये, एवढेच.” आणि त्या पुढे गेल्या. नात माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही पाटी वाचली नाहीत.” पाटी चौथऱ्याशेजारीच होती: पायवाटेवर कोणीही असल्यास थांबावे, पादचाऱ्याचा हक्क प्रथम. एकतीस वर्षे पाट्या लावणाऱ्या माणसाने ती वाचली नव्हती.

त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. चूक माझी होती, यात शंका नाही. पुढचे खेळाडू आणि वाटसरू टप्प्याबाहेर गेल्याखेरीज फेकू नये, हा या खेळाचा पहिला शिष्टाचार. तरीही दुसऱ्या सकाळी मी एकटाच जाऊन सहाव्या होलच्या चौथऱ्यावर उभा राहिलो, तेव्हा आखणीतील दोषही दिसला. बहुसंख्य लोक उजव्या हाताने फेकतात आणि त्यांच्या चकत्या शेवटी डावीकडे जातात. येथे पायवाट डावीकडे, टोपलीही पायवाटेच्या जवळ. म्हणजे पाटी जे थांबवावयास सांगते, तेच आखणी घडवून आणते. माझ्या नोकरीत अशा कितीतरी पाट्या मी लावल्या असतील, असे वाटून गेले. मुले चेंडू खेळत, कारण खेळण्यासारखी दुसरी जागा आम्ही ठेवलीच नव्हती. पाटी लिहिणे स्वस्त पडते.

मुलीच्या मदतीने मी त्या गावाच्या उद्यान खात्यास एक पानाचे पत्र आणि हाताने काढलेला नकाशा पाठविला. टोपलीचा खांब जमिनीत पुरलेल्या नळीत बसविलेला असतो, कुलूप काढले की तो उचलता येतो. दुसरी नळी पुरली की टोपली नव्या जागी जाते. पत्राचा विचार करू, असे उत्तर आले. मी भारतात परतलो. चार महिन्यांनी मुलीचा फोन आला, “बाबा, सहावी टोपली उजवीकडे हलवली.” मागून नातीचा आवाज ऐकू आला की, आता तो होल फारच सोपा झाला आहे आणि आजोबांनी सर्वांची मजा घालविली.

तिची तक्रार मला मान्य आहे. नवी जागा थोडी मागे, झाडांच्या आड घेता आली असती, पण नकाशा काढताना मी केवळ पायवाटेचा विचार केला.

अध्यक्षांनी दिलेला वेळ संपत आला आहे. बाहेरच्या मैदानावर मी तीन चकत्या आणि साखळ्यांच्या टोपलीऐवजी तीन घमेली मांडून ठेवली आहेत. पन्नास पावलांहून अधिक अंतर कोठेही नाही. ज्यांना फेकून पाहावयाचे असेल त्यांनी यावे, वयाची अट नाही. फक्त मैदानाच्या डाव्या अंगाने विहिरीकडे जाणारी वाट आहे आणि या वेळी बायका पाण्यास जातात. प्रथम तिकडे कोणी येत-जात नाही ना, ते पाहू आणि मग आरंभ करू.