पायवाट आणि पांदण

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



माझ्या आधी बोलणाऱ्यांनी भावाचं सांगितलं, पीकविम्याचं सांगितलं. मला संयोजक म्हणाले, तुम्ही विलायतेत जाऊन नऊ दिवस पायी फिरून आलात, त्याचं सांगा. ते ऐकून पुढं बसलेले दोघं-तिघं हसले. हसण्यासारखंच आहे. पऱ्हाटीत दिवसभर वाकून वेचणी करायची, संध्याकाळी भारा डोक्यावर घेऊन घरी यायचं, असं ज्याचं सगळं आयुष्य पायी गेलं, त्याला कुणी सांगावं की तिकडं माणसं सुट्टी काढून, पैसे मोजून चालतात? पण चालतात. म्हातारे-म्हाताऱ्या चालतात, लेकुरवाळ्या चालतात. आणि ती चालतात कुणाच्या शेतातून? माझं सगळं सांगणं त्या प्रश्नाभोवती आहे.

इंग्लंडच्या मधून उत्तर-दक्षिण अशी डोंगरांची एक रांग गेली आहे. तिचं नाव पेनाइन. त्या रांगेवरून ‘पेनाइन वे’ नावाची पायवाट जाते. एडेल नावाच्या लहानशा गावातून निघते आणि ४३१ किलोमीटरवर, स्कॉटलंडच्या हद्दीत संपते. मी तिचा सुरुवातीचा दीडशे किलोमीटरचा तुकडा चाललो. पाठीवर सात किलो ओझं. पहिल्या दिवशी ते काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यातला एकेक सदरा मोजायला लागलो, हा कशाला आणला, तो कशाला आणला. चालणाऱ्याला गरजेचं काय आणि हौसेचं काय ते खांद्याकडून कळतं. आपल्या वारकऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मला साठीत कळलं.

एडेल सोडलं की किंडर स्काउट नावाचं पठार लागतं. उंची सहाशे छत्तीस मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढं टेकाडच. पण तिथं एक लढा झालेला आहे. एका बाजूला मँचेस्टर, दुसऱ्या बाजूला शेफील्ड, दोन्ही धुराड्यांची शहरं. आठवडाभर धूर खाल्लेल्या पोरांना रविवारी डोंगरावर मोकळी हवा पाहिजे होती. डोंगर मात्र जमीनदारांचे. तिथं ग्राउस नावाचा तितरासारखा पक्षी राखायचा, वर्षातून काही दिवस बड्या मंडळींनी त्याची शिकार करायची, आणि बाकीचे दिवस राखणदारांनी काठ्या घेऊन माणसं हाकलायची. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे पोरं ठरवून, गाणी म्हणत त्या डोंगरात घुसली. पुढारी बेनी रॉथमन, वय वर्षं वीस. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगात धाडलं.

आता हिशेब ऐका. पायवाटांची आणि राष्ट्रीय उद्यानांची तजवीज करणारा कायदा झाला १९४९ साली. पेनाइन वे खुली झाली १९६५ साली, दिवस तोच, २४ एप्रिल. आणि उघड्या माळावर, डोंगरावर पायी फिरायचा हक्क कायद्यात आला २००० साली. म्हणजे ६८ वर्षं. पुढं २००२ साली, त्या प्रसंगाला सत्तर वर्षं झाली तेव्हा, ज्या सरदार घराण्याची ती जमीन होती त्याच्या वारसानं जाहीर सभेत आजोबांच्या वागण्याबद्दल माफी मागितली. आपल्याकडं एका मोर्चानं काही झालं नाही की दुसऱ्या मोर्चाला अर्धी माणसं गळतात. गळू नयेत असं मी म्हणणार नाही, ज्याच्या घरी खायला नाही त्याला उपदेश करायला मी आलेलो नाही. पण हिशेब डोक्यात असू द्या.

किंडरच्या पुढं सगळा दलदलीचा प्रदेश. काळी, ओली, शेवाळाची माती, पाय घातला की गुडघ्यापर्यंत आत. इतकी माणसं चालली की वाटेचा नुसता रबडा झाला. मग तिथल्या लोकांनी त्यावर दगडी फरश्या टाकल्या. त्या फरश्या आल्या कुठून? लँकेशायरच्या पाडलेल्या कापड गिरण्यांतून! काही फरश्यांना अजून भोकं आहेत, ज्यात यंत्रांचे खिळे बसवलेले होते. भावांनो, मी त्या फरशीवर उभा राहिलो आणि पाय पुढं पडेना. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडावर वळली. आमच्या आखूड धाग्याच्या कापसाला तिथले मजूर ‘सुरत’ म्हणायचे आणि नावं ठेवायचे, सारखा तुटतो म्हणून. पण घेत होते. अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ ही कापसाची जात लिव्हरपूलच्या बाजारात गेली. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वे आली ती आमच्या सोयीसाठी नव्हे, गाठी लवकर बंदरात जाव्यात म्हणून. अमेरिकेचं युद्ध १८६५ साली संपलं, भाव कोसळला, आणि चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी उघडा पडला. आता त्या गिरण्याही गेल्या. उरली ती फरशी. आमच्या आज्या-पणज्यांचा कापूस त्या फरशीवर कातला गेला की नाही ते कोण सांगणार? पण गेला असणं अगदी शक्य आहे.

डोंगर उतरला की खाली शेतं लागतात, आणि वाट सरळ शेतातून जाते. बांधावरून नाही, शेतातून! माझ्या मनाला ते पटेना. उभ्या पिकात शिरायचं कसं? पण पिकातूनच एक मीटर रुंद पट्टा मोकळा सोडलेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदवलेल्या वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत. प्रत्येक वाट सरकारी नकाशावर आहे, आणि नकाशावर आहे म्हणजे ती आहे, त्यावर पुन्हा पुरावा लागत नाही. १९९० च्या कायद्यानं असं ठरवलं की वाट शेताच्या मधून असेल तर शेतकऱ्याला ती नांगरता येईल, पण पेरणीच्या पहिल्या मशागतीनंतर चौदा दिवसांत ती पुन्हा दिसेल, चालता येईल अशी करून द्यायची. त्यानंतरच्या प्रत्येक पाळीनंतर एका दिवसात. वाट कडेनं असेल तर तिला नांगर लावायचाच नाही, दीड मीटर सोडायची. चालणाऱ्यानंही वाट सोडून हुंदडायचं नाही, आणि फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, लावलेलं दिसलं तर लावून पुढं जायचं. आपण शहाणपणा करून उघडं फाटक लावलं तर जनावरं पाण्यावाचून अडकतात. दुसऱ्याच्या वावरात शिरताना ते फाटक मला फार शिकवून गेलं. सुधारणा करायला आलेल्या पुष्कळ साहेबांना ते एकदा दाखवायला पाहिजे.

हे सगळं गोड आहे असं समजू नका. फाटकाचा, चढउताराच्या पायऱ्यांचा खर्च मालकाचा. सरकार कमीत कमी पंचवीस टक्के देतं. म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांचा भुर्दंड कुणावर ते सांगायला नको. फिरायला आलेल्यांची कुत्री मेंढ्या फाडतात, ही तिथल्या शेतकऱ्याची कायमची ओरड आहे.

सहाव्या रात्री एका मेंढीवाल्याच्या घरी खोली घेतली. दोन-अडीचशे मेंढ्या, नवरा-बायको दोघंच. रात्री जेवताना मी लोकरीचा भाव विचारला. दोघं एकमेकांकडं पाहून हसले. मेंढी भादरायला जी मजुरी द्यावी लागते तेवढेही लोकरीचे येत नाहीत. भादरलं नाही तर उन्हाळ्यात किडे पडून मेंढी मरते, म्हणून भादरायचं. २०२० साली कोरोनात बाजार बंद पडला तेव्हा त्या देशात कैक शेतकऱ्यांनी लोकर जाळली, उकिरड्यात घातली. आणि गंमत ऐका: ही लोकर विकायला १९५० पासून एक मंडळ आहे. चारपेक्षा जास्त मेंढ्या असतील तर लोकर त्या मंडळामार्फतच विकायची असा नियम. ऐकल्यासारखं वाटतं ना? आमच्याकडं १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी आली होती. मी त्या घरधनिणीला ते सांगितलं, तर ती म्हणाली की मग तुम्हाला समजावून सांगायला नको.

मग घर चालतं कशावर? सरकारी अनुदानावर, तेही आता कमी कमी होत चाललंय, आणि आम्हा वाटसरूंच्या खोलीभाड्यावर. २००१ साली तिथं जनावरांत लाळ-खुरकुताची साथ आली. साठ लाखांहून जास्त जनावरं मारून टाकली आणि वाटा महिनोन्‌महिने बंद ठेवल्या. तेव्हा कळलं की वाट बंद झाली तर खेड्याचं उत्पन्नच बंद होतं.

तिथल्या डोंगरांवर चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी भिंतींचं जाळं आहे. चित्रात फार सुंदर दिसतं. पण त्यातल्या पुष्कळशा भिंती अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संसदेनं कायदे करून गावाची सामाईक जमीन कुंपणात घातली तेव्हाच्या आहेत. इंग्लंडच्या जमिनीचा पाचवा हिस्सा अशा कायद्यांनी कुंपणात गेला. गरिबाची गाय चरायची ते गायरान गेलं, आणि तोच गरीब पुढं गिरणीत मजूर झाला. त्याचीच नातवंडं-पणतवंडं किंडरवर चढली असतील.

आता आपल्या पांदणीकडं येतो. आपल्याकडं शिव कुणी एका दिवसात गिळली नाही. दरसाल एक तास. या बाजूनं याचा एक, त्या बाजूनं त्याचा एक. वीस वर्षांत गाडीवाटेची पायवाट झाली, आणि पायवाटेत बोरी-बाभळी उगवल्या. काळ्या रानात पाऊस झाला की पायसुद्धा निघत नाही, बैलगाडी कुठून निघणार? माझ्या ओळखीच्या एका गावात दोन चुलतभावांच्या भांडणात वाट बंद झाली. वेचलेला कापूस दिवाळीपर्यंत वावरातल्या झोपडीत पडून राहिला, ओलीनं पिवळा पडला. खेडा खरेदीवाला गाडी आत आणीना, म्हणून डोक्यावर गाठोडी वाहून रस्त्यावर आणली, तर त्यानं अडल्याचा भाव दिला. भाव पडतो तो नुसता मुंबईत आणि न्यूयॉर्कमध्ये पडत नाही, पांदणीतही पडतो.

तिकडं नकाशा आहे तसा आपल्याकडंही आहे. गावनकाशा काढून पाहा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला रस्ताच नसेल तर महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ आहे. त्यात बांधावरून रस्ता मिळतो. अर्ज एकट्यानं केला की भाऊबंदकी होते. सगळ्या शिवारानं मिळून केला की त्याला रस्त्याचं काम म्हणतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. वेचणी आटोपली, ज्वारीची खळी झाली की चैत्रात रानं मोकळी होतात. त्या वेळी प्रत्येक गावातल्या दहा माणसांनी गावनकाशा आणि मोजायची टेप घेऊन एक दिवस आपल्याच शिवेवरून चालावं. बायकांना बरोबर घ्या, कुठली वाट कधी आणि कुणी बंद केली ते त्यांना नेमकं माहीत असतं, डोक्यावरचं ओझं घेऊन वळसा त्यांनाच पडतो. जिथं रेषा आहे आणि वाट नाही तिथं खूण करा. तालुक्याची बैठक वैशाखात आहे. तिथं खुणा केलेले नकाशे घेऊन या, अर्ज तिथंच लिहू.