शिवेवरचा माग



संघटित गुन्हेगारीविरुद्ध निरनिराळ्या प्रांतांच्या पोलिसांनी परस्परांस माहिती कशी द्यावी, हा विषय सभेच्या चिटणीसांनी नेमून दिला तेव्हाच मी त्यांना बजावले होते की, मी अखेर पगी, म्हणजे पावलांचा माग काढणारा, या एकाच असामीविषयी बोलेन; तक्रार असल्यास ती त्यांच्याकडे गुदरावी. (हशा)

स्लीमनसाहेबांनी केलेला ठगीचा बंदोबस्त, 1904 साली ठगी-डकैती खात्याच्या जागी आलेले गुप्तवार्ता खाते, हे सारे आपण जाणताच. पण आपल्या बडोद्याच्या गायकवाडी मुलखाची ठेवणच मुळी चोरास सोयीची होती : बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत सलग नव्हते, मधे मधे इंग्रजी अंमल, आणि काठेवाडात तर दोनशेहून अधिक संस्थाने, त्यामुळे एका हुकमतीत दरोडा घालणारा इसम पहाटे तिसऱ्या हुकमतीत निवांत दातवण करीत बसे.

अशा मुलखात पगी चोराचे पाऊल धरून गावाच्या शिवेपर्यंत जाई आणि तेथे तो माग शेजारच्या गावाच्या स्वाधीन करी. त्या गावाने तो आपल्या हद्दीबाहेर काढून दाखवावा, नाहीतर चोरीची भरपाई द्यावी, असा दंडक होता. माझे आजोबा कडी प्रांतात फौजदार असताना एक म्हैस चोरीस गेली व माग परक्या हद्दीवर थांबला. तिकडचे ठाणेदार डोळे चोळीत आले, वाकून पाहते झाले, आणि म्हणाले, “पाऊल आपल्या हद्दीतून बाहेर पडल्याचे दिसते खरे, ते आमच्या हद्दीत शिरल्याचे मात्र दिसत नाही.” (हशा) आजोबा संतापले, पण पगी तेथेच बैठक मारून बसला, आणि त्या गावच्या मुखीला, म्हणजे पाटलाला, येऊन माग पदरात घ्यावाच लागला.

पुढील रांगेतील निवृत्त अधिकारी मान हलवीत आहेत. अध्यक्षमहाराज, 2009 साली मंजूर झालेल्या सीसीटीएनएस या गुन्हेनोंदीच्या संगणकीय यंत्रणेने देशभरची ठाणी एका जाळ्यात आणली, याची मी निंदा करीत नाही. माझे निवृत्तिवेतनही यंत्रातूनच येते. माझे म्हणणे इतकेच की, जी नोंद सर्वांस दिसते ती कोणाच्याच पदरात पडत नाही. 1993 च्या मुंबईतील स्फोटांसाठी आरडीएक्स रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरले, आणि त्या खटल्यात कस्टम्स व पोलीस या खात्यांतील काही माणसेही दोषी ठरली. तेथे पाऊल दिसत नव्हते असे कोण म्हणेल? माग घेण्याचे नाकारणाऱ्याच्या पगारातून भरपाई वसूल करणारे एखादे कलम मला दाखवा, मी आत्ता खाली बसतो.

चिटणीसांनी चिठ्ठी पाठवून तीच सूचना केली आहे. (हशा) महाराष्ट्राचा 1999 चा मकोका आणि आपल्याकडे गुजरातेत 2019 पासून अमलात आलेला गुजकटोक या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यांवर दहा पाने लिहून आणली होती. तो वेळ म्हशीने खाल्ला.

मागून कोणी विचारते आहे, ती म्हैस परत मिळाली काय? मिळाली, तिसऱ्या दिवशी. भरपाईच्या धास्तीने मुखीने आपल्याच भाच्याच्या गोठ्यातून ती सोडून आणली.