बंदरात अडवलेली साथ

बेटाला चहूबाजूंनी समुद्र असतो म्हणून साथ तिथे पोहोचत नाही, हा समज सामोआने 1918 साली खोटा ठरवला. 7 नोव्हेंबरला ऑकलंडहून आलेले ‘तालुने’ जहाज आपिया बंदराला लागले. जहाजावर तापाने फणफणलेले प्रवासी होते, तरी त्यांना उतरू दिले गेले. न्यूझीलंडच्या ताब्यातल्या या पश्चिम सामोआत इन्फ्लूएन्झाने सुमारे साडेआठ हजार, म्हणजे पाचातला एक माणूस नेला. शेजारच्या अमेरिकन सामोआत मात्र एकही बळी गेला नाही. तिथले गव्हर्नर जॉन पोयर यांनी जहाजांवर कडक विलगीकरण लादले आणि स्थानिकांनी किनाऱ्यावर पहारा दिला.

कुणी म्हणेल, ते बेट लहान, वर्दळ कमी, म्हणून वाचले. पण साथ पसरायला एकच जहाज पुरते, हे आपियाने दाखवलेच होते. बंदी उठली की साथ येणारच, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरीही मिळालेला वेळ वाया जात नाही. पहिली मारक लाट तोवर ओसरते. पश्चिम सामोआतल्या त्या हलगर्जीपणाबद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी माफी मागितली, ती 2002 साली.