जुनी डिझेल पिकअप आणि निवृत्तीची पुंजी

(चंडीगड येथे भरलेल्या कामगार शिक्षण शिबिरात, महाराष्ट्रातून आलेल्या रेल्वे व टपाल कर्मचारी प्रतिनिधींपुढे रेल्वे कामगार संघटनेच्या सचिवांनी केलेले भाषण)



या शिबिरात वेतन, पेन्शन, खासगीकरण या विषयांवर भरपूर बोलून झाले. माझ्याकडे आलेला विषय घरगुती आहे. निवृत्तीच्या दिवशी हातात जो पैसा येतो त्याचे काय करावे, यावर बोला, असे संयोजकांनी सांगितले. पोस्टाच्या बचत योजनांबद्दल टपाल खात्यातील मित्रांना माझ्याहून जास्त माहिती आहे, त्यात मी शिरत नाही. मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे, ती म्हणजे जुनी डिझेल पिकअप.

तुम्ही म्हणाल, हे काय काढले? पण आपल्या वसाहतींतून फिरून बघा. मुलगा बारावी झाला, आयटीआय झाला, भरती निघत नाही. बाप निवृत्त होतो आणि फंड-ग्रॅच्युइटीतले तीन-चार लाख काढून मुलाला जुनी गाडी घेऊन देतो. भाजी, दूध, सिमेंट, मंडपाचे सामान, जे मिळेल ते भाडे मारायचे. गाडी घ्यायला गेले की सगळ्यांना एकच प्रश्न पडतो. दहा-बारा वर्षे घासलेली गाडी, हौद्याला गंज, पाटे बसलेले, तरी मालक किंमत सोडत नाही. असे का?

याचे उत्तर समजले तर आपला पैसा वाचेल. न समजता गाडी घेतली, तर तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीची पुंजी एका लोखंडी हौद्यात अडकून पडेल.

दुरुस्त होते, म्हणून किंमत आहे

इथल्या मनीमाजऱ्याच्या मोटार मार्केटमध्ये जरूर चक्कर मारा. गाडीचा कुठलाही भाग तिथे सुटा मिळतो आणि तो बसवणारा मिस्त्रीही शेजारीच असतो. आपल्याकडे जिल्ह्याच्या प्रत्येक गावी असा रस्ता आहे. जुन्या डिझेल गाडीची किंमत निम्मी त्या रस्त्यावर ठरते.

जुने डिझेल इंजिन म्हणजे बिडाचा जाड ठोकळा, यांत्रिक पंप आणि नोझल. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात वडापला धावलेल्या ट्रॅक्स गाड्या आठवा. त्यांचे इंजिन मूळ मर्सिडीजच्या ६१६ जातीचे, परवान्याने पुण्यात बनलेले. महिंद्राच्या पिकअपचे इंजिन अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे. कमी फेऱ्यांवर जोर लावणारी ही इंजिने. ती झिजली तर ब्लॉक बोअर करता येतो, जाड पिस्टन टाकता येतात, क्रँक घासून घेता येतो. नोझल गेले तर नाशिककरांना सांगायला नको, मायकोचे नोझल कुठेही मिळे आणि पंपवाला ते टेबलावर लावून तपासून देई. या कामाला संगणक लागत नाही. एक चांगला फिटर, बोअरिंगचे दुकान आणि दोन-चार दिवस एवढे पुरते.

रेल्वेवाल्यांना ही गोष्ट नवी नाही. इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर पतियाळा आहे. तिथे १९८१ साली आपल्या रेल्वेने डिझेल इंजिनांच्या नूतनीकरणाचा कारखाना काढला. आज तो पतियाळा लोकोमोटिव्ह वर्क्स या नावाने चालतो आणि विजेवरची इंजिने बांधतो. पण वर्षानुवर्षे तिथे काय झाले? डब्ल्यूडीएम-२ जातीची २६०० अश्वशक्तीची जुनी इंजिने आत गेली आणि ३१०० अश्वशक्तीची होऊन बाहेर पडली. सांगाडा जुना ठेवून आतले काम नवे केले. पुणे, कल्याणच्या डिझेल शेडमधल्या आपल्या माणसांनी ती इंजिने पुढे कित्येक वर्षे चालवली. एवढ्या मोठ्या रेल्वेला जो हिशेब पटला, तोच खेड्यातला पिकअपवाला करतो. जे पुन्हा उभे करता येते, ते भंगाराच्या भावाने कोणी विकत नाही.

नव्या गाडीत काय बदलले

१ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा. मधला टप्पा वगळून आपण थेट सहावर गेलो. डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांत ५० होते ते १० वर आणले. धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यासाठी गाडीत काजळी अडवणारी गाळणी आली, सेन्सर आले, कॉमन रेल पद्धत सर्रास झाली. या पद्धतीत डिझेलचा दाब हजार-दीड हजार बारच्याही पुढे जातो. थोडा कचरा किंवा पाणी गेले तरी इंजेक्टर बसतो. काजळीची गाळणी स्वतःला जाळून साफ करते, पण त्याला गाडी बराच वेळ गरम चालावी लागते. आपला पोरगा भाजी मंडईपासून दुकानापर्यंत दोन-दोन किलोमीटरच्या खेपा मारणार. गाळणी तुंबते, दिवा लागतो, आणि गाडी स्कॅनर असलेल्या ठिकाणी न्यावी लागते.

खेड्यातल्या मिस्त्रीकडे तो स्कॅनर नसतो. असला तरी कंपनीची माहिती त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून नवी गाडी वॉरंटी संपेपर्यंत बिनघोर असते आणि त्यानंतर धाकधूक सुरू होते. जुन्या गाडीला जास्त पैसे मिळतात ते या धाकधुकीपायी.

आणखी एक. टाटांची एस, आपला छोटा हत्ती, २००५ साली आली तेव्हा सव्वादोन लाखांच्या आसपास होती. आज मोठी पिकअप नवी घ्यायची तर नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. नव्याचा भाव चढला की जुन्याचा आपोआप चढतो. उलटेही खरे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा जुन्या गाडीचा मालक जीएसटीच्या आधीचा भाव सांगत असेल, तर त्याला ही तारीख सांगा.

एकाच सडकेवर दोन भाव

आता इथलीच गोष्ट सांगतो. चंडीगडहून दिल्लीला जाताना अंबाला लागते, कुरुक्षेत्र लागते, मग कर्नाल. अंबाला आणि कुरुक्षेत्र हे जिल्हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या बाहेर आहेत. कर्नाल आत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ७ एप्रिल २०१५ रोजी या क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालवायला बंदी केली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. म्हणजे तीच गाडी, तेच इंजिन, पण कर्नालच्या मालकाला ती दहाव्या वर्षी काढून टाकावी लागे आणि अंबाल्याचा मालक फिटनेस घेऊन पुढे चालवी. साहजिकच दिल्लीकडच्या गाड्या ना-हरकत दाखल्यावर बाहेरच्या राज्यांत विकल्या जाऊ लागल्या.

पुढे या हुकुमात बदल झाले. १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढच्या गाड्यांपुरतेच ठेवले. यातली गंमत बघा. भारत स्टेज तीनपर्यंतच्या बऱ्याच पिकअपमध्ये साधा यांत्रिक पंप होता. ज्या साधेपणामुळे गाडीला बाहेर भाव मिळतो, ती गाडी दिल्लीच्या हद्दीत बिनकामाची ठरते. किंमत गाडीत जेवढी असते, तेवढीच ती गाडी कुठल्या जिल्ह्यात उभी आहे यात असते.

इथे गिऱ्हाईक कोण, हेही पाहा. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत हिमाचलातले सफरचंद डोंगर उतरून परवाणूला आणि चंडीगडच्या सेक्टर २६ च्या मंडीत येते. बागेपासून सडकेपर्यंतच्या अरुंद घाटात मोठा ट्रक वळत नाही, पिकअप वळते. हंगामात गाडी दारात पाहिजे, बुकिंग करून वाट पाहायला वेळ नसतो. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षाचे, जुन्नरच्या टोमॅटोचे, कोकणातल्या आंब्याचे तेच आहे. हंगामाच्या तोंडावर जुन्या पिकअपचा भाव चढतो आणि हंगाम संपला की उतरतो. तेव्हा घेणाऱ्याने केव्हा जावे, हे वेगळे सांगायला नको.

कायद्यानेही मागणी वाढवली

मोटार वाहन कायद्यात भारासह तीन हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिटची गरज नाही. वाहनपरवान्याचाही प्रश्न होता. हलक्या गाडीच्या परवान्यावर भाड्याची गाडी चालवता येते का, यावर विमा कंपन्या वर्षानुवर्षे भांडत होत्या. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की साडेसात हजार किलोच्या आतल्या अशा गाडीला वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे साध्या परवान्यावर कोणताही तरुण पिकअप धरू शकतो. घेणारे वाढले.

दुसरीकडे पुरवठा आटला. पूर्वी सरकारी खात्यांच्या जुन्या गाड्या लिलावात निघत आणि बाजारात येत. टपाल खात्याच्या मेल मोटारवाल्यांना हे चांगले ठाऊक आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते. त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात जातात, रस्त्यावर परत येत नाहीत.

दुसरी बाजू

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग उद्याच घेऊ. थांबा.

फिटनेस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी लागते, त्यानंतर दरवर्षी. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढील गाड्यांची ही फी कित्येक पटींनी वाढली. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहे. जुन्या गाडीला कर्ज मिळाले तरी व्याज चढे असते. डिझेलची स्वस्ताईही पूर्वीची उरली नाही. २०१२ साली पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर सरकारी नियंत्रणातून सुटला आणि तो फरक बराच कमी झाला.

आणि धुराचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगाला कारण असल्याचे जाहीर केले. शेडमध्ये आयुष्य काढलेल्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. तो धूर आधी आपल्याच पोराच्या छातीत जातो, मग मंडईतल्या हमालाच्या.

आता हिशेब करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतो. जुनी गाडी साडेतीन लाखांना घेतली आणि तीन वर्षांनी अडीच लाखांना विकली, तर एक लाख गेले. नवी दहा लाखांना घेतली आणि तीन वर्षांनी सहा लाखांना विकली, तर चार लाख गेले, शिवाय व्याज. इथे जुनी जिंकली. पण जुनी गाडी महिन्यात चार दिवस मिस्त्रीकडे उभी राहिली, तर तीन वर्षांत १४४ दिवसांचे भाडे बुडाले. दिवसाचे हजार रुपये सुटत असतील तर ते झाले १ लाख ४४ हजार, आणि दुरुस्तीचा खर्च वेगळाच. तेव्हा विकताना किती येतील, याबरोबर उभी किती दिवस राहील, हेही विचारा.

आमच्या शाखेतला एक ट्रॅकमन. निवृत्तीनंतर मुलासाठी परराज्यातून आलेली पिकअप घेतली. इंजिन उत्तम, भावही बरा. पण आर.सी. बुकावर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच होता. गाडी नावावर होईना, फिटनेस मिळेना, विम्याची भीती. पावसाळाभर गाडी घरापुढे ताडपत्री टाकून उभी राहिली आणि घरात बापलेकाचे बोलणे बंद झाले. इंजिनाने त्याला दगा दिला नव्हता. कागदाने दिला.

म्हणून पाच गोष्टी लक्षात ठेवा. एक, इंजिन आणि चासी नंबर बुकाशी स्वतः ताडून पाहा. दोन, कर्जाचा बोजा उतरल्याचा ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. तीन, गाडी परराज्यातली असेल तर ना-हरकत दाखला, थकीत चालान आणि आपल्या राज्यात भरावा लागणारा कर, हे सर्व किमतीत धरा. इथे स्वस्त दिसणारी गाडी सोलापूरला पोचेपर्यंत महाग झालेली असते. चार, थंड इंजिन स्वतः सुरू करायला लावा आणि आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. दलालाचा नेऊ नका. पाच, सगळी पुंजी गाडीत घालू नका. बायकोच्या आजारपणाचा आणि घराच्या पत्र्याचा पैसा बाजूला राहू द्या.

संघटना म्हणून आपले म्हणणे स्पष्ट असावे. जुन्या गाड्या हटवा म्हणणे सोपे आहे. पण ज्याचे पोट त्या गाडीवर आहे त्याला नवी घ्यायला परवडेल असे कर्ज द्या, भंगारात काढलेल्या गाडीचा योग्य मोबदला द्या. नव्या गाड्यांची दुरुस्ती आयटीआयमधून शिकवा आणि कंपन्यांनी त्याची माहिती साध्या मिस्त्रीलाही खुली करावी. नवी गाडी गावात दुरुस्त होऊ लागली की धूर ओकणाऱ्या जुन्या गाडीचा भाव आपोआप खाली येईल. त्यासाठी पोलीस उभे करावे लागणार नाहीत.

बंधूंनो, आपण आयुष्यभर दुसऱ्याचा माल आणि दुसऱ्याची पत्रे सांभाळून पोचवली, एक पावती चुकू दिली नाही. आपल्या घामाच्या पैशाच्या बाबतीतही तीच शिस्त ठेवा. परत गेल्यावर आपल्या शाखेत, वसाहतीत ही माहिती सांगा.