कच्ची वही घेऊन या

तेलीबांध्याच्या बाजारातून आलेल्या व्यावसायिक बंधुभगिनींनो, अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी पद्धत आहे. तो लिहून आणला आहे, पण बाजूला ठेवतो. ३६ वर्षं तुमचे हिशेब पाहतो आहे आणि एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तुम्ही आम्हा लेखापालांना पक्की वही दाखवता. कच्ची घरी ठेवता.

लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यात अर्धाच धंदा लिहायचा? मला याची चीड येते. अजूनही येते.

धमतरीची छोटी गाडी इथून धावायची त्या काळापासून ओळखीच्या असलेल्या एका तेलघाणीवाल्यांची गोष्ट सांगतो. विक्री वर्षाला ९० लाखांची, वहीत ३८ लाख. का, तर ४० लाखांच्या वर गेलं की जीएसटीची नोंदणी आली. मीही ती वही खरी मानून विक्रीच्या ८ टक्के उत्पन्न धरून आयकराचं विवरणपत्र भरत होतो, उत्पन्न ३ लाख ४ हजार. मग इथल्या तळ्याच्या रस्त्यावर एक गाळा निघाला. मोठी घाणी बसवायला २५ लाखांचं कर्ज हवं होतं. बँकेने ३ वर्षांची विवरणपत्रं मागितली आणि अर्ज परत केला. त्या रात्री ते कच्ची वही घेऊन माझ्याकडे आले. पहिल्यांदाच.

मी पाहत राहिलो. माल शहराबाहेर जात नव्हता. म्हणजे जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत विक्रीवर १ टक्का कर भरता आला असता, वर्षाला ९० हजार. आयकराला उत्पन्न दिसलं असतं ७ लाख २० हजार. एवढंच वाचवण्यासाठी त्यांनी स्वतःची पत बुडवली होती. ज्याला विचारलं असतं तर समजलं असतं, त्यालाच अंधारात ठेवून. नोंदणी केली, मागचा कर व्याजासकट भरला. पण स्वच्छ विवरणपत्रं साठायला वर्षं लागतात. गाळा दुसऱ्याने घेतला.

कच्ची वही दाखवा म्हणजे चोरीत मला भागीदार करा, असं नव्हे. ती पक्कीत मिळवण्यासाठीच दाखवायची. खोट्यावर मी सही करणार नाही, हे इथे सर्वांसमोर सांगतो.

सकाळच्या सत्रात तरुण मित्र म्हणाले, सॉफ्टवेअर आलं, आता लेखापाल कशाला? माझ्या एका कापडवाल्याच्या संगणकावर चार महिने लाल खूण दिसत होती. पुरवठादाराने विवरणपत्र भरलं नव्हतं, त्यामुळे जीएसटीच्या २बी विवरणात क्रेडिट येत नव्हतं. कापडवाल्यांनी मात्र कराची रक्कम पुरवठादाराला चुकती करून टाकलेली. यंत्राने आपलं काम केलं होतं. पैसे देण्याआधी मला एक फोन केला असता तर कराएवढी रक्कम रोखून धरायला सांगितलं असतं. फी किती असावी यावरही वाद झाला. वर्षातून एकदा, विवरणपत्राच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात पिशवीभर पावत्या ओतणाऱ्याकडून मी कितीही कमी फी घेतली तरी त्याला ती महागच पडते. त्या पिशवीतून मला झालेलं दिसतं, होणारं थांबवता येत नाही. यंत्र घेण्याआधी या, भागीदार घेण्याआधी या, गाळ्याचा बयाणा देण्याआधी या.

नव्या दुकानदारांसाठी महिन्यातून एक संध्याकाळ इथेच बसावं, मराठीत आणि छत्तीसगढीत एक छोटी पुस्तिका काढावी, असं मनात आहे. कोण लिहील, केव्हा निघेल, ते आपण बसून ठरवू.

तेलघाणीवाल्यांचा मुलगा आता दर महिन्याच्या ५ तारखेला येतो. एकच वही आणतो. वडील बरोबर असतात, फारसं बोलत नाहीत. परत जाताना तळ्याकाठी त्या गाळ्यासमोर थोडा वेळ थांबतात, असं मुलगा सांगत होता.