चिठ्ठी आधी कोणी उचलावी?

२०१७ साली मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात अतुल शहा व सुरेंद्र बागलकर यांस समान मते पडली आणि निकाल चिठ्ठीवर गेला. तेथे संभव उघडच निम्मा-निम्मा. श्रोतेहो, वाद माजतो तो तिघे असले म्हणजे. समजा, सोनाळ्याच्या तीन भावांनी वडिलार्जित शेत चिठ्ठ्यांनी वाटावयाचे ठरविले; विहीर एकाच वाट्यात. धाकटा कुरकुरतो, "शेवटी मला उरणार काय?" थोरल्याचा संभव तीनांत एक. तो चुकण्याचा संभव तीनांत दोन. मग मधल्यापुढे दोन चिठ्ठ्या, त्यांत विहिरीची एक. दोनतृतीयांशाचे निम्मे म्हणजे पुन्हा एकतृतीयांशच! धाकट्यासही नेमके तेवढेच उरते. मात्र घड्या सारख्या हव्यात, आणि चिठ्ठ्या एकदमच उघडाव्यात. थोरल्याने आधी उघडली व विहीर निघाली नाही, तर उरलेल्या दोघांची आशा निम्म्यावर चढते आणि भांडण नव्याने सुरू होते.